हाय-कार्बन स्प्रिंग स्टील : नवख्यांसाठी निवड, घडण आणि तपासणी

हाय-कार्बन स्प्रिंग स्टीलची पट्टी विकत घ्यायला गेलात, की व्यापारी बहुधा आधी विचारतो, ‘कडक पाहिजे की नरम?’ नवखा माणूस इथे गोंधळतो, कारण त्याच्या हातातल्या ड्रॉइंगवर फक्त ‘सी ७५’ किंवा ‘ईएन ४२जे’ एवढेच लिहिलेले असते. व्यापाऱ्याचा प्रश्न मात्र अगदी रास्त आहे. या पोलादाचा स्प्रिंगपणा काही अंशी त्याच्या रासायनिक घटकांत असतो आणि उरलेला सगळा त्याला दिलेल्या उष्णता-प्रक्रियेत किंवा थंड ओढकामात असतो. म्हणून ग्रेड सांगून स्थिती न सांगणे ही अर्धवट मागणी ठरते. लहान कारखान्यात, खरेदी विभागात किंवा आयटीआय-डिप्लोमानंतर पहिल्या नोकरीत ज्यांचा या मालाशी नव्याने संबंध येतो, त्यांना कामाचा क्रम कळावा या हेतूने पुढील माहिती दिली आहे.

पहिली पायरी : हे पोलाद नेमके कशात वेगळे आहे ते हाताने तपासा

स्प्रिंग स्टील साध्या लोखंडापेक्षा जास्त ताठ असते, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. तो दूर करायला एक व्हाइस आणि दोन पट्ट्या पुरतात. एक पट्टी सीआरसीए शीटमधून कापलेली, म्हणजे मऊ पोलादाची, आणि दुसरी कडक केलेल्या सी ७५ ची घ्या. दोन्ही २० मिमी रुंद आणि १ मिमी जाड असाव्यात. दोन्ही व्हाइसमध्ये अशा धरा की १५० मिमी भाग बाहेर राहील, आणि टोकाला २०० ग्रॅम वजन टांगा. दोन्ही पट्ट्या जवळजवळ सारख्याच, साधारण साडेसहा मिलिमीटर, वाकलेल्या दिसतील. याचे कारण असे की लवचिकता गुणांक, म्हणजे यंग मोड्युलस, दोन्हींचा सारखाच असतो, सुमारे २०६ गिगापास्कल, आणि पाणी देऊन (म्हणजे लाल तापवून तेलात किंवा पाण्यात झटकन थंड करून) किंवा टेंपर करून (म्हणजे नंतर कमी तापमानाला पुन्हा तापवून) तो बदलत नाही. आता २०० ग्रॅमच्या जागी एक किलो टांगा. दोन्ही पट्ट्या बऱ्याच खाली जातील. पण वजन काढल्यावर सी ७५ ची पट्टी पूर्ववत सरळ होईल आणि मऊ पट्टी वाकलेलीच राहील. या भाराने मुळाशी सुमारे ४४० मेगापास्कल ताण येतो. मऊ पोलाद २०० ते २५० मेगापास्कलच्या आसपासच कायमचे वाकू लागते, तर कडक केलेले स्प्रिंग स्टील १,२०० मेगापास्कलच्या पुढेही परत येते.

हाच या पोलादाचा मुख्य गुण आहे. ताठरता तीच राहते, परत येण्याची मर्यादा मात्र कितीतरी वर जाते. साठवता येणारी ऊर्जा ताणाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; म्हणजे मर्यादा पाचपट झाली की तेवढ्याच वजनाच्या धातूत पंचवीसपट ऊर्जा मावते. व्यवहारात याचा अर्थ असा, की एखादी स्प्रिंग फार नरम वाटत असेल तर ‘अजून कडक पोलाद घ्या’ हा उपाय चालत नाही. जाडी, रुंदी किंवा वेटोळ्यांची संख्याच बदलावी लागते. स्प्रिंग बसत असेल, म्हणजे काही दिवसांत तिची उंची कमी होत असेल, तरच पोलादाच्या कडकपणाकडे बोट दाखवावे.

दुसरी पायरी : कार्बन आणि ग्रेड समजून घ्या

हाय-कार्बन स्प्रिंग स्टीलमध्ये कार्बन साधारण ०.६ ते १.० टक्का असतो. सी ७५ मध्ये तो ०.७० ते ०.८० टक्के असतो. अमेरिकन पद्धतीच्या १०९५ मध्ये ०.९० ते १.०३ टक्के कार्बन आणि ०.३० ते ०.५० टक्के मँगनीज असते. सुमारे ०.७७ टक्के कार्बनपाशी पोलाद सावकाश थंड झाले, तर त्याची संपूर्ण रचना पर्लाइटची होते. पर्लाइट म्हणजे मऊ लोह आणि कठीण कार्बाइड यांचे एकाआड एक पातळ थर. कार्बन त्याहून वाढला की जादा कार्बाइड वेगळे होते. त्याने झीज कमी होते, पण चिवटपणाही घटतो. म्हणून सतत हलणाऱ्या स्प्रिंगसाठी ०.७ ते ०.८५ टक्के, आणि जिथे धार किंवा घर्षण आहे तिथे १ टक्क्याच्या जवळचे पोलाद, हा ठोकताळा सुरुवातीला पुरेसा आहे.

गंधक आणि फॉस्फरस जितके कमी तितके चांगले. ही दोन्ही मूलद्रव्ये आणि पोलादात अडकलेले अधातू कण यांच्यापाशीच थकव्याच्या, म्हणजे वारंवार बदलणाऱ्या भाराने पडणाऱ्या, भेगा सुरू होतात, त्यामुळे सतत उघड-मीट होणाऱ्या भागासाठी रासायनिक अहवालातला हा स्तंभ आधी वाचावा.

साध्या कार्बन पोलादाची एक मोठी मर्यादा नवख्यांच्या लक्षात उशिरा येते. पाणी देताना त्याचा कडकपणा फार खोलवर जात नाही. पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जाड तुकडा तेलात बुडवला, तर पृष्ठभाग कडक होतो आणि गाभा मऊ राहतो. ट्रकच्या कमानपाट्याला म्हणूनच साधे हाय-कार्बन पोलाद वापरत नाहीत. तिथे सिलिकॉन-मँगनीज, क्रोमियम किंवा क्रोमियम-व्हॅनेडियम मिसळलेले आणि कार्बन ०.५ ते ०.६ टक्क्यांपर्यंत आणलेले पोलाद असते. रेल्वेच्या रुळाला स्लीपरशी धरून ठेवणारी इलास्टिक क्लिपही अशाच सिलिकॉन-मँगनीज पोलादाची असते. गावोगावचे लोहार जुन्या कमानपाट्याचा कोयता घडवतात. त्या कोयत्याची धार टिकते ती या कार्बनमुळे आणि लोहाराने दिलेल्या पाण्यामुळे. पाटा भट्टीत लाल झाला त्या क्षणीच त्याची कारखान्यातली उष्णता-प्रक्रिया पुसली गेलेली असते.

तिसरी पायरी : वापर पाहून तार की पट्टी ते ठरवा

तारेचे जग आणि पट्टीचे जग बरेच निराळे आहे. थंड ओढलेल्या तारेला बळ मिळते ते असे : तार सुमारे ९०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून, वितळलेल्या शिशाच्या ५०० ते ५५० अंशांच्या कुंडातून नेतात, त्यामुळे अतिशय बारीक पर्लाइट तयार होते, आणि मग ती तार डायमधून, म्हणजे कठीण साच्याच्या निमुळत्या भोकातून, थंड स्थितीत ओढत बारीक करतात. तारेला अशी उष्णता-प्रक्रिया देण्याच्या पद्धतीचे पेटंट बर्मिंगहॅमच्या जेम्स हॉर्सफॉल यांनी १८५४ साली घेतले होते. प्रत्येक ओढीबरोबर थर अधिक बारीक होतात आणि बळ वाढते. म्हणूनच बारीक तार जाड तारेपेक्षा दर चौरस मिलिमीटरला जास्त भार पेलते : वरच्या ताणश्रेणीच्या तारेची किमान ताणशक्ती अर्ध्या मिलिमीटरला सुमारे २,५००, दोन मिलिमीटरला १,९८० आणि पाच मिलिमीटरला साधारण १,६५० मेगापास्कल असते. तारेचा व्यास बदलला की ताणशक्तीचा आकडाही पुन्हा पाहावा लागतो.

भारतीय मानक ४४५४ च्या पहिल्या भागात अशा तारेच्या एसएल, एसएम, एसएच, डीएम आणि डीएच अशा श्रेणी आहेत. पहिले अक्षर स्थिर किंवा बदलता भार सांगते, दुसरे ताणशक्ती कमी, मध्यम की जास्त ते सांगते. दाराच्या कडीची स्प्रिंग एसएममध्ये भागते. दिवसभर खाली-वर होणाऱ्या प्रेस टूलच्या स्प्रिंगसाठी डीएच मागावी. प्रेशर व्हॉल्व्ह, कृषिपंपांचे सुटे भाग, दुचाकीचे स्टँड, स्विचगिअर अशा असंख्य ठिकाणी हीच तार आहे. याच कुळातली तार टायरच्या कडेतल्या कड्यात असते, वायररोपमध्ये असते, आणि पुलांच्या पूर्वताणित काँक्रीटमधल्या सात पदरी स्ट्रँडमध्येही असते, जिथे १,८६० मेगापास्कलची श्रेणी सर्रास वापरली जाते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांवर चढणाऱ्या पोलादी तारा हाही याच धातूचा उपयोग. तार सुरात लावल्यावर सतत मोठ्या ताणाखाली राहते आणि तरीही हळूहळू लांबत नाही, ही अपेक्षा मऊ तार पुरी करूच शकत नाही.

पट्टीचे उपयोग अधिक विखुरलेले आहेत. शाफ्टवरचे सर्क्लिप, पातळ डिस्क स्प्रिंग, मोजपट्टीची आपोआप गुंडाळणारी फीत, सीटबेल्ट परत ओढणारी स्प्रिंग, दुकानाच्या रोलिंग शटरमधली गुंडाळलेली पट्टी, फीलर गेज, गवंड्याची थापी, लाकूड कापायची करवत, छपाईयंत्रातील शाई खरवडणारे पाते, ही सगळी ०.१ ते ३ मिमी जाडीच्या पट्टीची कामे आहेत. फ्रिजच्या काँप्रेसरमधली पातळ पानासारखी झडप त्यांत सर्वांत कठीण परीक्षा देते. ती अव्याहत फडफडत असते, त्यामुळे तिच्यासाठी सुमारे १ टक्का कार्बनची, पॉलिश केलेली आणि कडा गोल केलेली खास पट्टी घेतात.

दोन ठिकाणी हे पोलाद घेऊच नये. सततच्या ओलाव्यात, कारण यात गंजरोधक घटक नाहीत. आणि उष्णतेत, कारण थंड ओढलेली तार सुमारे १२० अंशांच्या पुढे भाराखाली हळूहळू ढिली पडते. इंजिनाच्या व्हॉल्व्ह स्प्रिंगसाठी क्रोमियम-सिलिकॉन तार वापरतात ती यासाठीच.

चौथी पायरी : मागणी लिहा

मागणीत ग्रेड, मानकाचा क्रमांक, जाडी व रुंदी चालणाऱ्या कमी-जास्त फरकासह (टॉलरन्स), कडा कापलेली की गोल, पृष्ठभाग चकचकीत की निळा, आणि स्थिती हे सगळे हवे. स्थिती म्हणजे अनील केलेला नरम माल, की कडक करून टेंपर केलेला. कडक असेल तर कडकपणा किती ते आकड्यात लिहा. पट्टीला लहान त्रिज्येचे बाक द्यायचे असतील तर नरम माल घेऊन घडवल्यावर कडक करावा. बाक मोठ्या त्रिज्येचे असतील किंवा केवळ भोके पाडायची असतील, तर कडक पट्टीच घेतल्याने भट्टीचा खर्च आणि वाकडेपणा दोन्ही टळतात.

कळंबोलीच्या लोखंड बाजारातून किंवा गावातल्या व्यापाऱ्याकडून किलोवर माल घेताना टेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे ज्याला सगळे ‘टीसी’ म्हणतात ते, मागून घ्या आणि त्यावरचा हीट नंबर, म्हणजे पोलाद ज्या ओतातले आहे त्याचा क्रमांक, कॉइलच्या टॅगशी जुळवा. वजनाचा हिशेब सोपा आहे : रुंदी आणि जाडी मिलिमीटरमध्ये, लांबी मीटरमध्ये घेऊन गुणाकाराला ०.००७८५ ने गुणले की किलो मिळतात. ५० मिमी रुंद, १ मिमी जाड पट्टीचा एक मीटर सुमारे ३९० ग्रॅम भरतो.

कॉइल सोडताना घाई करू नका. बांधलेल्या कॉइलमध्ये ऊर्जा साठलेली असते आणि पॅकिंगची पट्टी कापताच टोक चाबकासारखे उसळते. हातमोजे, चष्मा आणि टोक दाबून धरणारा दुसरा माणूस, एवढी तयारी असल्याशिवाय कात्री लावू नये.

पाचवी पायरी : हिशेब करून पाहा

दाब-स्प्रिंगची ताठरता काढताना कातर गुणांकाला (तार पिळली जाताना धातू किती विरोध करतो ते सांगणाऱ्या आकड्याला) तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने गुणतात आणि त्याला आठ, वेटोळ्याच्या मध्यव्यासाचा घन आणि कार्यरत वेटोळ्यांची संख्या यांच्या गुणाकाराने भागतात. समजा तार २ मिमी, मध्यव्यास १६ मिमी, कार्यरत वेटोळी आठ आणि कातर गुणांक ८०,००० मेगापास्कल आहे. उत्तर ४.८८ न्यूटन प्रति मिलिमीटर येते. म्हणजे १०० न्यूटन भाराला ही स्प्रिंग साडेवीस मिलिमीटर दबेल. वेटोळ्याच्या वक्रतेमुळे आतल्या बाजूला ताण वाढतो, त्यासाठीची दुरुस्ती धरून कातरताण सुमारे ६०० मेगापास्कल येतो. २ मिमी एसएच तारेच्या १,९८० मेगापास्कल किमान ताणशक्तीशी तुलना केली तर हे ३० टक्के झाले. स्थिर भारासाठी निम्म्यापर्यंत जायला सहसा हरकत नसते, त्यामुळे ही रचना सुरक्षित आहे.

व्यासाच्या चौथ्या घाताचा परिणाम लक्षात ठेवावा. तार फक्त पाच टक्के जाड आली तरी ताठरता साडेएकवीस टक्के वाढते. मायक्रोमीटर न लावता माल स्वीकारण्याची सवय इथे महागात पडते. मध्यव्यास आणि तारेचा व्यास यांचे गुणोत्तर ४ ते १२ मध्ये ठेवा. त्याहून कमी असेल तर तार गुंडाळताना चिरते, आणि जास्त असेल तर स्प्रिंग लुळी पडून एकमेकींत गुंतते.

सहावी पायरी : घडण आणि उष्णता-प्रक्रिया

थंड ओढलेल्या तारेची स्प्रिंग गुंडाळल्यावर तिला पाणी द्यायचे नसते. तसे केले तर शिशाच्या कुंडात आणि ओढकामात मिळवलेले बळ जाते. तिला फक्त २०० ते २५० अंशांवर अर्धा तास ठेवून गुंडाळताना अडकलेला ताण सोडवतात. यात वेटोळ्याचा व्यास किंचित आखडतो, म्हणून सेटिंग करताना थोडा मोठा व्यास धरावा. शेवटी स्प्रिंग पूर्ण दाबून सोडण्याची क्रिया, म्हणजे स्क्रॅगिंग, करतात. जी काही उंची कमी व्हायची ती कारखान्यातच होऊन जाते.

नरम पट्टीचा भाग मात्र खऱ्या अर्थाने कडक करावा लागतो. पट्टी वाकवताना बाकाची रेघ रोलिंगच्या दिशेला काटकोनात ठेवा; दिशेला समांतर वाकवलेली पट्टी बाहेरच्या बाजूने फाटते. कापताना कडेला आलेली बर, म्हणजे धारदार कंगोरा, आधी काढा, कारण कडक झाल्यावर तीच भेगेची सुरुवात ठरते. मग भाग ८०० ते ८४० अंशांवर सारखा तापवून ५०-६० अंशांच्या तेलात बुडवतात. या क्षणी त्याची रचना मार्टेन्साइटची असते, कडकपणा ६० एचआरसीच्या (रॉकवेल सी मापाच्या) वर जातो आणि तो काचेइतका ठिसूळ असतो. त्याला तसाच रात्रभर ठेवू नये, लगेच टेंपर करावे. ३५० ते ४५० अंशांवर टेंपर केल्यावर कडकपणा ४२ ते ५० एचआरसीपर्यंत उतरतो आणि चिवटपणा परत येतो. तापमानाचा अंदाज रंगावरून घेण्याची लोहारांची पद्धत धारेच्या हत्यारांना ठीक आहे, कारण पिवळा ते निळा हे रंग २२० ते ३०० अंशांतच संपतात. स्प्रिंगचे टेंपरिंग त्यापुढे सुरू होते, तिथे पायरोमीटरला, म्हणजे भट्टीचे तापमान मोजणाऱ्या यंत्राला, पर्याय नाही.

पातळ क्लिप आणि वॉशर यांच्यासाठी ऑस्टेंपरिंग ही अधिक चांगली वाट आहे. तापवलेला भाग तेलाऐवजी ३०० ते ३७० अंशांच्या वितळलेल्या मिठाच्या कुंडात टाकून तिथेच ठेवतात, मार्टेन्साइट न होता बेनाइट नावाची वेगळी रचना तयार होते, भाग कमी वाकडे होतात आणि त्याच कडकपणाला अधिक चिवट निघतात. सुविधा जवळपास असेल तर जॉबवर्कचा जादा दर देऊन ही प्रक्रिया घ्यावी, असे माझे मत आहे. मिठाच्या कुंडाजवळ पाण्याचा थेंबही नसावा. पाण्याची क्षणात वाफ होते आणि तप्त मीठ स्फोटासारखे उडते.

भट्टीत हवा खेळती असेल तर पृष्ठभागावरचा कार्बन जळून जातो. वरचा थर मऊ राहतो, आणि स्प्रिंगमध्ये सर्वाधिक ताण पृष्ठभागावरच असतो. त्यामुळे नियंत्रित वातावरणाची भट्टी आहे का, हे उष्णता-प्रक्रिया करणाऱ्याला दर विचारण्याआधी विचारा. याच्या उलट शॉट पीनिंगमुळे, म्हणजे बारीक छर्‍यांच्या माऱ्यामुळे, पृष्ठभागावर दाबाचा ताण तयार होतो आणि थकव्याचे आयुष्य लक्षणीय वाढते.

सातवी पायरी : गंजापासून संरक्षण, पण प्लेटिंग सांभाळून

तेल, फॉस्फेट आणि तेल, किंवा काळा ऑक्साइड ही साधी संरक्षणे निर्धोक आहेत. इलेक्ट्रोप्लेटिंगच्या बाबतीत मात्र सावध राहावे. आम्लात धुताना आणि झिंक चढवताना हायड्रोजन पोलादात शिरतो, आणि सुमारे ४० एचआरसीच्या वरचा भाग भाराखाली काही तासांनी किंवा दिवसांनी अचानक तुटतो. सर्क्लिप बसवल्यावर दुसऱ्या दिवशी तुकडे होऊन पडलेली दिसते ती बहुधा याने. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत भाग १९० ते २२० अंशांच्या ओव्हनमध्ये कित्येक तास ठेवून हायड्रोजन बाहेर काढावा लागतो, आणि ही अट प्लेटिंगच्या ऑर्डरवर लेखी असावी. झिंक-फ्लेकचा लेप, म्हणजे विजेशिवाय लावलेला झिंकच्या बारीक पापुद्र्यांचा थर, हा त्याहून निर्धास्त पर्याय आहे.

कडक केलेल्या भागाला वेल्डिंग करू नये. सांध्यालगतचा धातू पुन्हा कडक होऊन ठिसूळ बनतो. चासीवर वेल्डिंग करताना कमानपाट्यावर उडालेली ठिणगी किंवा चुकून टेकलेला इलेक्ट्रोडही पुढे पाटा तुटायला पुरेसा होतो. पाटे झाकूनच काम करावे.

आठवी पायरी : तपासणी

आलेला माल खरेच हाय-कार्बन आहे का, याचा पहिला अंदाज ग्राइंडरवर येतो. मऊ पोलादाच्या ठिणग्या लांब, सरळ आणि कमी फाटे असलेल्या निघतात. हाय-कार्बनच्या आखूड, चाकाजवळच फुटणाऱ्या आणि दाट फुलोऱ्याच्या असतात. शेजारी माहितीतला नमुना घासून तुलना करावी, नुसत्या आठवणीवर जाऊ नये. कडकपणा कानशीने चाचपता येतो, पण स्वीकृतीसाठी यंत्रच हवे. एक मिलिमीटरहून पातळ पट्टीवर रॉकवेल सी मोजमाप फसवे येते, कारण टोचणीचा परिणाम पट्टीपार ऐरणीपर्यंत पोहोचतो. तिथे कमी भाराने हिऱ्याचे बारीक टोक टोचून करायची व्हिकर्स चाचणी मागावी.

तुटलेली स्प्रिंग भंगारात टाकण्याआधी तिचा तुटका पृष्ठभाग भिंगाखाली पाहावा, आणि दोन्ही तुकडे एकमेकांवर घासून किंवा जुळवून पाहू नयेत. एका बिंदूपासून पसरत गेलेल्या अर्धगोल रेषा आणि त्यापुढे खडबडीत भाग दिसला तर ती थकव्याने तुटली. बिंदू वेटोळ्याच्या आतल्या बाजूला असेल तर हिशेबातला ताण जास्त होता, आणि ओरखड्यावर किंवा गंजाच्या खड्ड्यावर असेल तर पृष्ठभागाचा दोष होता. रेषा नाहीत, पृष्ठभाग दाणेदार आहे, आणि भाग प्लेटिंग केलेला असून बसवल्यानंतर थोड्याच काळात तुटला, तर हायड्रोजनचा संशय घ्यावा. प्रयोगशाळेकडे तुकडे पाठवताना ते तेल लावून वेगवेगळ्या कागदांत गुंडाळावेत, आणि सोबत टीसीची प्रत, टेंपरिंगचे तापमान व प्लेटिंगची तारीख लिहून द्यावी.